देशी मागूर बीज: ‘इंजेक्शनचे मासे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

“इंजेक्शन मारून काढलेलं बी आहे, असे हार्मोनचे मासे पोराबाळांना खाऊ घालायचे का? नर तर कापूनच टाकतात. वर वाढ नाही, सहा महिन्यांत १०० ग्रॅमसुद्धा नाही,” असं लिहून तुम्ही आमच्या हॅचरीच्या मागूर बीजाला, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांना, एक स्टार दिलात. भंडारा-गोंदियाचे इतर शेतकरीही हे वाचणार, म्हणून इथंच सविस्तर लिहितो.

इंजेक्शन देतो, पण ते मादीला. बीजाला नाही. मागूर मूळचा पावसाळ्यात धानाच्या बांधीत, उथळ नव्या पाण्यात अंडी घालणारा. टाक्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती सोडायचा इशारा अडतो, कारण मेंदूतलं डोपामाइन तो दाबून धरतं. आमच्या औषधात सॅल्मन माशाच्या, हा इशारा देणाऱ्या संप्रेरकाची (हार्मोनची) प्रतिकृती असते आणि डोमपेरिडोन, जे उलटीवर डॉक्टर माणसालाही देतात. डोमपेरिडोन ती आडकाठी काढतं आणि मादीची स्वतःचीच पियुषिका ग्रंथी (मेंदूखालची पिट्युटरी) पुढचं काम करते. सोळा-सतरा तासांनी पोटावरून हलका अंगठा फिरवला की मोहरीएवढी तपकिरी, चिकट अंडी भांड्यात उतरतात. मिठाच्या द्रावणातलं नराचं वीर्य त्यावर घालून पक्ष्याच्या पिसानं हलवायचं. साधारण एका दिवसात पिल्लं बाहेर. त्यांना कोणी सुई लावत नाही.

नराचं म्हणाल तर मागुराच्या नराचं वीर्य पोट दाबून निघत नाही, वृषण काढावंच लागतं. ते करताना आम्हालाही बरं वाटत नाही, म्हणून लागतील तेवढेच नर घेतो.

तुमच्याकडे रोहू-कटलाही आहे. त्यांचं हॅचरीतलं बीजही मादीला संप्रेरक देऊनच काढलेलं असतं. ओडिशातल्या अंगुलला १० जुलै १९५७ रोजी डॉ. हीरालाल चौधुरींनी ही वाट उघडली. म्हणूनच त्या तारखेला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

आता वाढ. मादीला दिलेल्या त्या एका डोसानं पिल्लं फुगत नाहीत. देशी मागूर सावकाशच वाढतो, १०० ते १५० ग्रॅमला आठ-दहा महिने लागतात. याच मुदतीत किलोभर होणारा मासा कोणी दाखवला तर तो बहुधा आफ्रिकन, ‘थाई मांगूर’ म्हणून खपवलेला. देशात त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. तो भयंकर खादाड, तळ्यातून सुटला तर नदीतले आपले मासे फस्त करतो. ते बीज आमच्याकडे मिळणार नाही, कितीही मागणी आली तरी.

तरी सहा महिन्यांत १०० ग्रॅमच्या बरंच खाली असेल तर खाद्य आणि दाटी तपासायला हवी. किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती आणि खाद्याच्या पिशवीवर प्रथिनं किती टक्के लिहिली आहेत, एवढं फोनवर कळवा. जुलै-ऑगस्टमध्ये हॅचरीवरही या. डोस संध्याकाळी देतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अंडी काढताना तुम्हाला समोर बघता येईल.