बॅटरीला निर्जळी एकादशी कशाला?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरखालोखाल चर्चा होते ती तब्येतीची. हल्ली त्यात फोनची तब्येतही आली आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मेसेज टाकला: ‘मोबाईल इंजिनिअरने सांगितलेली सात गुपितं, कंपन्या कधीच सांगणार नाहीत.’ बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. रात्रभर लावला तर स्फोट होतो. जास्त वॉटचा चार्जर लावला तर फोन जळतो. बॅटरीची शेवटची काडी उरली असताना फोन घेऊ नका, रेडिएशन हजारपट असतं. मागे चालणारे ॲप दर तासाला बंद करा. भिजलेला फोन तांदळात पुरा. आणि चार्जरचं बटण चालू ठेवलं तर वीजबिल फुगतं. त्याच दिवशी हाच मजकूर मला आणखी तीन ग्रुपांवर आला, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट.

काका टँकरचे हिशोब चोख ठेवतात, म्हणून त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालणं मला परवडणार नाही. पण मेसेज काही काकांचा नाही, तेव्हा त्याच्याशी घालायला हरकत नाही.

बॅटरी पूर्ण संपू द्या, हे पहिलं कलम खोटं नाही, शिळं आहे. कॉर्डलेस फोनमध्ये आणि खेळण्यांमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, त्या काळचं. त्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या की जणू तेवढीच आपली कुवत आहे असं धरून चालत. 2000 साली आलेल्या नोकिया 3310 मध्ये निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी होती, तिलाही ही खोड थोडीफार होतीच. दुकानदार नवीन फोन हातात देताना ‘आधी आठ तास लावून ठेवा’ म्हणायचा, तो सल्ला त्याच पिढीचा. आज प्रत्येकाच्या खिशात आहे ती लिथियम-आयन. सोनीने ती 1991 मध्ये बाजारात आणली आणि 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना तिच्यासाठीच मिळालं. तिला उपास घडवून काही पुण्य लागत नाही.

उलट त्रासच होतो. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना बाहेर पडतात, आणि त्या येण्याजाण्यात ते थर फुगतात, आकसतात. शंभरावरून शून्यावर आणि शून्यावरून पुन्हा शंभरावर नेलं तर हा ताण पुरेपूर बसतो; सत्तरावरून चाळीसावर आणलं तर फारच थोडा. म्हणून चहाच्या वेळी अर्धा तास, जेवताना अर्धा तास असं जमेल तसं लावणं हेच बॅटरीला मानवतं. ‘दिवसातून तीनदा लावला म्हणजे तीन सायकल संपल्या’ ही भीतीही निराधार आहे. सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापराची एक फेरी. आज 50 टक्के वापरले, उद्या 50 टक्के, की एक सायकल झाली. किती वेळा वायर खुपसली याची मोजदाद बॅटरी ठेवत नाही.

शून्याचा खरा धोका वेगळाच आहे आणि तो मी घरात पाहिला. बाबांचा जुना फोन बंद पडला तसाच खणात गेला, तो थेट पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत हाती लागला. चार्जिंगला लावला, पण ढिम्म. पडद्यावर शून्य दिसतं तेव्हा बॅटरीत थोडी शिल्लक असते; फोन स्वतःच आधी बंद होतो. पण महिनोन्महिने पडून राहिला की तीही हळूहळू झिरपते, व्होल्टेज सुरक्षित मर्यादेच्या खाली जातं, आतलं तांबं विरघळायला लागतं आणि संरक्षक सर्किट चार्ज घ्यायला नकार देतं. फोन ठेवून द्यायचा असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवावा.

पहिल्या कलमात खरं एवढंच, की फोन दाखवतो ते टक्के म्हणजे अंदाज असतो. 18 टक्क्यांवर असताना फोन अचानक झोपायला लागला तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरला की अंदाज पुन्हा ताळ्यावर येऊ शकतो. त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नव्हे.

आता रात्रभराचा स्फोट. ज्याला आपण चार्जर म्हणतो तो नुसता वीजपुरवठा. खरं चार्जिंगचं सर्किट फोनच्या पोटात असतं. ते आधी ठरावीक करंट सोडतं, व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचलं की ते तिथेच धरून करंट कमी कमी करत नेतं आणि शेवटी तोडून टाकतं. बादली भरत आली की नळ बारीक करावा आणि भरली की बंद, तसं. रात्री दोन वाजता हे करायला कुणी उठावं लागत नाही. 2016 च्या गॅलेक्सी नोट 7 चं उदाहरण या मेसेजच्या एका लांबलेल्या आवृत्तीत दिलं आहे. पण ते फोन पेटले ते बॅटरीच्या रचनेतल्या आणि बनावटीतल्या दोषांमुळे आत शॉर्ट झाल्याने, असं सॅमसंगने जानेवारी 2017 मध्ये स्वतः जाहीर केलं. त्यात रात्रीचा संबंध नव्हता.

मात्र रात्रभर लावण्यात नुकसान शून्य, असं मी म्हणणार नाही. बॅटरी तासन्‌तास शंभरावर राहिली की ती थोडी लवकर म्हातारी होते, आणि उशीखाली तापली तर आणखी लवकर. म्हणून तर ॲपलने 2019 मध्ये आयओएस 13 मध्ये सोय दिली की फोन 80 टक्क्यांवर थांबतो आणि तुमच्या उठण्याच्या सुमारास उरलेलं भरतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही अशी किंवा 80 वर कायमची थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती एकदा चालू करायची, फोन उशीखाली न ठेवता टेबलावर ठेवायचा आणि गाढ झोपायचं.

गंमत म्हणजे सात कलमांत बॅटरीच्या खऱ्या वैऱ्याचं नावच नाही: ऊन. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरचा तक्ता सांगतो की 40 टक्के भरलेली बॅटरी 25 अंशांत वर्षभर ठेवली तर सुमारे 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर उरते सुमारे 65. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या हँडलवर, काळ्या कव्हरमध्ये, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर पॉवर बँकची वायर, अशा थाटात स्वारगेटहून हडपसरला निघालेला फोन काय सोसत असेल? बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून वाईट. आयफोन 0 ते 35 अंश हवेत वापरावा असं ॲपल सांगते. आमच्या काकांचा फोन त्यांच्या गाडीत डॅशबोर्डवरच चिकटवलेला असतो, हे जाता जाता. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर दाबून बसवू नका, टोचू नका. वापर थांबवा, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या आणि घरच्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

जास्त वॉटच्या चार्जरची भीती चटकन मिटण्यासारखी आहे. तुमच्या घराच्या मीटरमधून गिझरही चालतो आणि देवघरातला झीरोचा दिवाही. गिझर चालवणारी वीज मिळते म्हणून दिवा फुटत नाही, तो आपल्यापुरती ओढतो. 65 वॉट म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. व्होल्टेजचं काय, असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या वेगवान चार्जिंगच्या सामायिक पद्धतीत सुरुवात 5 व्होल्टने होते. फोन आणि चार्जर वायरीतून आपसात बोलतात आणि फोनने मागितलं तरच 9 किंवा त्याहून वर जातात. बोलणं जमलं नाही तर फोन सावकाश चार्ज होतो, एवढंच. काही कंपन्यांची स्वतःची वेगवान पद्धत दुसऱ्याच्या चार्जरवर चालत नाही, तेव्हाही हेच घडतं.

घाबरायचंच असेल तर वॉटला नको, निकृष्ट बनावटीला घाबरा. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात उत्तम चार्जर मिळतात आणि तिथेच काय, कुठेही, वजनाला हलके, नावाला भारीही मिळतात. अशा चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात पुरेसं अंतर राखलेलं नसेल तर फोन बाजूला राहिला, हात भाजेल. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघावा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

रेडिएशनचं चौथं कलम मला सगळ्यात आवडतं, कारण त्याचा निकाल बेरीज-गुणाकाराने लागतो. 4जी फोनची प्रक्षेपणाची कमाल ताकद साधारण 0.2 वॉट असते, जुन्या 900 मेगाहर्ट्झच्या जीएसएम, म्हणजे 2जी फोनची 2 वॉट. हजारपट म्हणजे अनुक्रमे 200 वॉट आणि 2000 वॉट. दुसरा आकडा स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याही वरचा. पहिलाच धरू. 5000 एमएएचच्या बॅटरीत सुमारे 19 वॉट-तास असतात, शेवटच्या काडीला धरा 3. दोनशे वॉटने उधळले तर ते एका मिनिटाच्या आत संपतील. म्हणजे ‘हॅलो, कोण बोलतंय?’ एवढं होईस्तोवर फोन बंद. काकू त्याच काडीवर अर्धा तास भिशीचं बोलतात, याचा खुलासा मेसेजमध्ये नाही.

फोन ताकद वाढवतो ती रेंज कमी असली की; ताम्हिणी घाटात किंवा बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. बॅटरी शंभर असो की पाच, आणि तेही ठरलेल्या कमाल मर्यादेतच. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून एसएआरची, म्हणजे शरीर फोनची किती ऊर्जा शोषतं त्या मापाची, मर्यादा 1.6 वॉट प्रति किलो आहे, एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. *#07# डायल केलं की बऱ्याच फोनांवर त्या फोनचा आकडा दिसतो. काकांनी पाहिला असता तर मेसेज पुढे ढकलण्याआधी निदान थबकले असते.

मागचे ॲप बंद करण्याबद्दल थोडक्यात. रॅम, म्हणजे उघडे ॲप ठेवायची फोनची तात्पुरती स्मृती, भरली काय, रिकामी काय, वीज जवळपास तेवढीच घेते. मागे पडलेलं ॲप बहुतेक वेळा गोठवलेलं असतं आणि अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, पडून असलेल्या फोनला झोपवण्याची व्यवस्था सिस्टीममध्येच आहे. तुम्ही ॲप झाडून टाकलं की पुढच्या वेळी ते मुळापासून उघडावं लागतं आणि त्यालाच जास्त बॅटरी जाते. एखादं ॲप खरोखर बॅटरी खात असेल तर सेटिंगमधली बॅटरीची यादी त्याचं नाव सांगते. तेवढं एक बंद करा.

तांदळाबद्दल म्हणाल तर मावळातला इंद्रायणी भातासाठी आहे. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. पिठाचे बारीक कण मात्र पोर्टमध्ये घुसतात. ॲपलने 2024 मध्ये आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असं लिहिलं ते त्यासाठीच. जुलैच्या पावसात फोन भिजला तर आधी बंद करा, पोर्ट खाली करून हलकेच आपटा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. पाण्यातले क्षार आणि वीज एकत्र आले की गंज धरतो, आणि तो तांदळाला घाबरत नाही.

राहिलं चार्जरचं बटण. फोन न लावलेला चांगला चार्जर फार तर 0.1 वॉट घेतो. युरोपात 2020 पासून छोट्या चार्जरना तीच मर्यादा आहे. वर्षाचे 8760 तास धरले तर 0.876 युनिट होतात, एक पूर्ण युनिटही नाही. काकांचा गिझर 2 किलोवॉटचा आहे. चार्जरची ही वर्षभराची वीज तो सव्वीस मिनिटांत घेतो, आणि काकांची आंघोळ उरकेपर्यंत तो चालूच असतो.