फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला सर्दीची गोळी देऊ नका

दिवाळी जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो: 'कुत्रा फटाक्यांना घाबरतो? सर्दीची अर्धी गोळी नाहीतर मेलाटोनिनची (झोपेसाठी घेतात ती) गमी द्या, गाढ झोपेल.' कृपया असं करू नका.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारी ॲलर्जीवरची सेटिरिझिन पशुवैद्य कुत्र्यांना देतात, हे खरं. पण ती नुसती सेटिरिझिन, खाज-ॲलर्जीसाठी आणि वजन बघून. घरातली सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, कधी स्यूडोएफेड्रिन. या शेवटच्या औषधाने कुत्र्याची छाती धडधडते, अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात. झोप राहिली बाजूलाच.

गमीत खरी भीती झायलिटॉलची. माणसाला चालणाऱ्या या गोडीने कुत्र्याच्या रक्तातली साखर ३० मिनिटांतही कोसळू शकते, यकृत निकामी होऊ शकतं. लेबलवर ते 'ई९६७' किंवा 'बर्च शुगर' म्हणूनही लिहिलेलं असतं.

आणि गुंगी आली म्हणजे भीती गेली असं नाही. मुकं जनावर, सांगणार कसं? भीतीवरची वेगळी औषधं पशुवैद्यांकडे असतात. दिवाळीच्या आधीच भेटा. चुकून गोळी दिलीच असेल तर घरी उलटी काढायला बसू नका, पट्टी हातात घेऊन तडक दवाखाना गाठा.