‘दोन्हीकडं सारखं असलं की झालं’: लॅनच्या फिरत्या सल्ल्याला उत्तर

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान घ्या, नाहीतर कुपवाड एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. चार-पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन-चार कॅमेरे, एवढाच नेटवर्कचा, म्हणजे मशीन आपसात जोडणाऱ्या लॅनचा पसारा असतो. अशांसाठी मोबाइलवर एक सल्ला सारखा पुढं ढकलला जातो. त्याचा सारांश असा: वायरचे रंग कसेही लावा, दोन्ही टोकांना सारखे असले की झालं; स्विचला (केबलनं मशीन एकमेकांना जोडणारा डबा) पोर्ट जास्त तर स्पीड वाटला जातो; वायफाय पुरेना तर दुसरा राउटर आणून केबल खुपसा; नेट गेलं की लॅनही बंद; आणि गोदाम १०० मीटरच्या आत असेल तर बिनधास्त केबल ओढा. यातलं कुठलंच वाक्य शंभर टक्के खोटं नाही, म्हणून तर हा मेसेज अजून फिरतोय.

रंगांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. लॅन केबलमध्ये आठ वायरी असतात, पण त्या सुट्या आठ नव्हेत, पीळ दिलेल्या चार जोड्या आहेत. सिग्नल जोडीतून जातो आणि बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोन्ही वायरींवर सारखाच पडून रद्द होतो. आता केबलच्या टोकाला लावायच्या कनेक्टरच्या पिनांकडं बघा: १-२ ही एक जोडी, ३-६ दुसरी, ४-५ तिसरी, ७-८ चौथी. मधल्या ४-५ भोवती ३-६ बसवण्याची ही पद्धत जुन्या टेलिफोनच्या जोडणीतून आली आहे. घरगुती कारागीर काय करतो? जोड्या क्रमानं लावत जातो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकं सारखी. केबल तपासायच्या टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीनं लागतात. पण ३ वर आली हिरव्या जोडीतली वायर आणि ६ वर निळ्या जोडीतली. सिग्नलची जोडी एक, पिळाची दुसरी, त्यामुळे पीळ असून नसल्यासारखा. साधा टेस्टर फक्त वायर सलग आहे का एवढंच बघतो, त्याला हे कळत नाही.

दोन-चार मीटरच्या तुकड्यात हे खपून जातं. तीस-चाळीस मीटरवर लिंक तुटते-जुळते, किंवा लिंक दिसते पण पाकिटं (माहितीचे तुकडे) खराब होऊन पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. ऐन सौद्यांच्या वेळी पट्टी (विक्रीचा हिशेब) निघायला उशीर होतो आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट -ई’ चालवा. एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल तपासा. नेटवर्क अॅडॅप्टरच्या स्टेटसमध्ये १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर बहुधा ४-५ किंवा ७-८ मधली एखादी वायर तुटलेली असते. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

बरोबर क्रम असा. कनेक्टरची क्लिप खाली, सोनेरी पिना वर आणि वायरी घालायचं तोंड आपल्याकडं धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात. वरचं आवरण सुमारे तीन सेंटिमीटर काढा, वायरी सरळ करून एका रेषेत अशा कापा की सुटलेला पीळ १३ मिलिमीटरच्या आत राहील. आवरण कनेक्टरच्या आत शिरून दाबलं गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं की टेबल सरकवताना ओढ थेट वायरींवर येते.

स्विचचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. स्पीड वाटला जायचा तो जुन्या हबमध्ये, कारण तो आलेला डेटा सगळ्या पोर्टांवर पाठवायचा. स्विच कुठल्या पोर्टला कुठलं मशीन आहे हे लक्षात ठेवतो आणि प्रत्येक पोर्टला पूर्ण वेग देतो. वाटला जातो तो तुमच्या इंटरनेट प्लॅनचा स्पीड, आणि तो चार पोर्टांच्या स्विचनंही वाटलाच जाणार. तेव्हा आठ पोर्टांचाच घ्या. फक्त एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लावू नका, साध्या स्विचमध्ये पाकिटं गोल फिरत राहतात आणि सगळं दुकान बसतं.

दुसरा राउटर मात्र जरा सांभाळून. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायची जागा) घातली तर त्याच्यामागं वेगळं नेटवर्क तयार होतं. तिथल्या मशीनचा प्रिंटर इकडून दिसत नाही. लॅन पोर्टमध्ये घातली तर एका नेटवर्कवर दोन राउटर पत्ते (प्रत्येक मशीनचा नेटवर्कवरचा क्रमांक) वाटायला बसतात, आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला तर बघायलाच नको. सकाळी चालणारं मशीन दुपारी अडतं, कारण पत्त्याची मुदत संपून नवा पत्ता दुसऱ्याकडून मिळालेला असतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. नवा राउटर आधी एकट्या लॅपटॉपला जोडा. त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग नव्या पत्त्यावर आत जाऊन डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला हातानं पत्ता दिल्याशिवाय परत आत जाता येत नाही. त्यानंतर लॅन ते लॅन केबल जोडा आणि वॅन रिकामं ठेवा. अॅक्सेस पॉइंट मोड (राउटर नुसतं वायफाय देतो तो) असेल तर तोच निवडा.

नेट गेल्यानं लॅन बंद पडत नाही. वीज गेल्यानं पडते. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या बोर्डावर, हे चित्र दुकानोदुकानी दिसतं. स्विचला जेमतेम काही वॉट लागतात, तो आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा नेट कंपनीला फोन करायच्या आधी केबल आणि राउटर बघा.

राहिलं गोदाम. १०० मीटरची मर्यादा खरी, पण त्यात ९० मीटर पक्की केबल आणि १० मीटर पॅच कॉर्ड धरलेली असते. तीही शुद्ध तांब्याची. स्वस्त बॉक्समध्ये अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. वायर ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. अशा केबलवरून कॅमेऱ्याला वीज दिली तर लांबवर ती पुरत नाही.

आणि दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा कडाडतात. जवळपास वीज पडली तर दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो झटका केबलमधून दोन्हीकडचे पोर्ट जाळतो. इथं धातूचं कवच नसलेली सिंगल मोड फायबर (काचेच्या धाग्याची केबल) टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅन केबलवर आणणारा डबा) लावा. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर जोडीनं येतात, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन्ही एकाच प्रकारचे आणले तर पॉवरचा दिवा लागतो, लिंकचा लागत नाही. गोदामाकडच्या कन्व्हर्टरलाही यूपीएस लागतो, तो हिशेबात धरा.