एफ वनचं 2023 बोअर होतं, मान्य. पण खरं नुकसान 2016 ला झालं

भावा, तुझी प्रतिक्रिया नीट वाचली. एवढ्या तिडकीनं एफ वनबद्दल, म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंगबद्दल, भांडणारं कोल्हापुरात कुणीतरी आहे याचंच आधी बरं वाटलं, त्यामुळं उत्तरपण सविस्तर देतोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, तुझं म्हणणं असं की मागच्या पोस्टमध्ये मी रेड बुलच्या 2023 ची बाजू घेतली, एका टीमनं 22 पैकी 21 रेस जिंकल्यावर त्याला चॅम्पियनशिप म्हणायचंच कशाला, उद्यमनगरातल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये रविवारी जमणारी पोरं सप्टेंबरपर्यंत पांगली, आणि खासबागेत सगळ्या एकतर्फी कुस्त्या लावल्या तर पुढच्या मैदानाला कोण येणार? म्हणून जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन टाका, टूरिंग कारवाले टाकतात तसं. शिवाय 2002 ला फेरारीनं ऑस्ट्रियात जे केलं त्यावरही तू चिडलायस.

बोअर झालं हे मी नाकारतच नाही. रेड बुलच्या व्हर्स्टापेननं सलग दहा जिंकल्या तेव्हा साडेसहाला रेस सुरू झाली की पावणेसातला निकाल कळलेला असायचा. (तुमची पोरं सप्टेंबरमध्ये पांगली म्हणजे नेमकी सिंगापूरची रेस हुकली त्यांची. फेरारीच्या साइन्झनं मागच्या मॅक्लारेनवाल्या नॉरिसला मुद्दाम एक सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएस (पुढची गाडी एक सेकंदाच्या आत असली की मागचा पंख उघडून जास्त वेग घ्यायची सोय) मिळत राहील आणि त्याच्या मागच्या दोन मर्सिडीज त्याला ओलांडू शकणार नाहीत. पुढं असलेल्या माणसानं एवढ्या थंड डोक्यानं रेस जिंकलेली मी क्वचित बघितलीय. शोधून बघाच.)

पण मला विचारशील तर टीव्हीपुढची गर्दी कमी झाली म्हणजे चॅम्पियनशिपचं नुकसान झालं असं नाही, गर्दी परत येते. बंद पडलेली टीम परत येत नाही. म्हणून मी आधी शेवटच्या नंबरची टीम बघतो.

2016 चं ब्राझील आठव. इंटरलागोसला धो धो पाऊस, रेस दोनदा थांबवली, पुढं हॅमिल्टन आणि रॉसबर्ग, म्हणजे मर्सिडीजचे पहिले दोन, नेहमीसारखंच. आपण सगळे त्या दिवशी व्हर्स्टापेनची ड्राइव्ह बघत होतो आणि ती होतीच तशी. पण मागं, सॉबर आणि मॅनर या तळाच्या दोन टीममध्ये, काय चाललं होतं? सॉबरचा फिलिपे नासर नववा आला, दोन पॉइंट मिळाले. मॅनरकडं अख्ख्या सीझनचा एकच पॉइंट होता, वेर्लाइननं ऑस्ट्रियात काढलेला. ओकॉन त्याच पावसात मॅनर चालवत होता, तो बारावा आला. झालं, सॉबर दहावी, मॅनर अकरावी, आणि बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या दहालाच असल्यामुळं मॅनरच्या हातचे पैसे गेले. 2017 च्या जानेवारीत टीम बंद, दोनशेच्यावर लोक घरी. त्याआधी एचआरटी गेली, केटरहॅम गेली. आणि 2014 ला हीच टीम मारुसिया नावानं जगली होती ती बियांकीनं मोनॅकोत काढलेल्या दोन पॉइंटवर.

आता हे मर्सिडीजनं केलं का? नाही. मर्सिडीजनं 2014 ते 16 मध्ये 59 पैकी 51 रेस जिंकल्या त्या उत्तम इंजिन बनवून, त्यात त्यांचा काही दोष नाही. दोष नियमांचा होता. इंजिन सुधारायचं तर टोकन, म्हणजे बदलांचा ठरावीक कोटा, मोजून द्यायचे, म्हणजे जो पहिल्या दिवशी मागं पडला त्याला पुढं यायचा रस्ताच अरुंद. आणि खर्चाला मर्यादा नाही. पैशाकडं पैसा ओढला जातो, जिंकला त्याला जास्त बक्षीस, जास्त स्पॉन्सर, त्यातून आणखी वेगवान गाडी. शेवटची टीम तिथंच रुतलेली.

2023 मध्ये हे नव्हतं, आणि माझा मुद्दा एवढाच होता. 2021 पासून खर्चाची मर्यादा आली, सुरुवातीला 145 मिलियन डॉलर, तर मोठ्या टीम त्याआधी याच्या दुपटीहून जास्त उडवत होत्या. शिवाय जो पहिला आला त्याला विंड टनेलचा (गाडीवर वारा सोडून तिची रचना तपासतात ती जागा) वेळ सगळ्यात कमी, ठरलेल्या वेळेच्या 70 टक्के, आणि तिथून एकेक नंबर खाली पाच-पाच टक्के वाढत दहाव्याला 115. त्याचा परिणाम बघ की. त्याच 2023 च्या पहिल्या रेसला, बहरीनला, पियास्त्रीची मॅक्लारेन बंद पडली आणि नॉरिस सतरावा. ऑस्ट्रियात नवीन पार्ट आले, सिल्वरस्टोनला नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. पुढच्या वर्षी मॅक्लारेननं टीमची चॅम्पियनशिप जिंकली, 1998 नंतर पहिल्यांदा, आणि त्या 2024 मध्ये सात ड्रायव्हरनी प्रत्येकी किमान दोन रेस जिंकल्या. नियमाचं मोठं पुस्तक न बदलता झालं हे. 2026 ला तर अकरावी टीम आली, कॅडिलॅक. जिथं टीम बंद पडत होत्या तिथं आता आत यायला धडपड चालू आहे.

वजन टाकण्याबद्दल. खासबागेचं उदाहरण तूच काढलंस म्हणून सांगतो, जोड तोलामोलाची लावायची हे आयोजकाचं कामच आहे, त्यावर आपलं एकमत. पण एकदा हात मिळवले की तगड्या पैलवानाचा पाय कुणी बाहेरून धरत नाही, धरला तर मैदान पेटेल. खर्चाची मर्यादा, टनेलचा वेळ, हे जोड लावणं झालं. जिंकल्याबद्दल गाडीत वजन हे पाय धरणं झालं. मग साइन्झच्या सिंगापूरला किंमत काय राहिली असती? त्यानं रेड बुलला हरवलं का वजनाला, हाच वाद आपण आजपर्यंत घालत बसलो असतो.

2002 चा तुझा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ऑस्ट्रियात बारिकेलोला फिनिश लाइनच्या तोंडावर शुमाकरसाठी वेग कमी करायला लावला ते मला आजही खुपतं. फेरारीची ताकद चालेल, पण आपल्याच दोन ड्रायव्हरांची रेस त्यांनी बंद केली ते नाही चालणार.

आणि एका ठिकाणी मी तुझ्यापेक्षा कडक आहे. रेड बुलनं 2021 ला खर्चाची मर्यादा ओलांडली त्याला शिक्षा काय, तर 7 मिलियन डॉलर दंड आणि टनेलच्या वेळेत 10 टक्के कपात. एवढं होऊनही 2023 ला 21 रेस जिंकत असतील तर ती शिक्षा पुरेशी नव्हती. पैशाच्या नियमावरच सगळा खेळ उभा असेल तर तो मोडणाऱ्याचे चॅम्पियनशिपचे पॉइंट कापले पाहिजेत, त्याच वर्षीचे, मग ती रेड बुल असो नाहीतर माझी आवडती मॅक्लारेन. यावर तुमच्या वर्कशॉपमधली पोरं काय म्हणतात ते विचारून लिही.