डेमन हिल ‘आयत्या बिळावरचा नागोबा’? जरा आकडे काढू या

फॉर्म्युला वनच्या गप्पांत १९९६ चा, म्हणजे ब्रिटिश ड्रायव्हर डेमन हिलच्या विश्वविजेतेपदाचा, विषय निघाला की एक ठरलेला दावा पुढे येतो. तो इतक्या जणांनी उगाळलाय की आता कोणी तपासूनही बघत नाही. डेमन हिलला गाडी मिळाली ती ग्रॅहम हिलचा मुलगा म्हणून. विल्यम्स संघाच्या त्या गाडीत कोणीही बसला असता तरी जिंकलाच असता. १९९४ मध्ये प्रतिस्पर्धी मायकेल शूमाकरवर बंदी आली म्हणून हा चुरशीत दिसला. आणि विल्यम्सने काढून टाकल्यावर त्याची खरी लायकी कळली. एकेक बघू.

आधी बापाचं नाव. ग्रॅहम हिल हे साधंसुधं नाव नव्हतं, हे कबूल. १९६२ आणि १९६८ चा विश्वविजेता, मोनॅकोची शर्यत पाच वेळा जिंकलेला, शिवाय इंडियानापोलिस ५०० आणि ल मॉन्सही. या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा ड्रायव्हर आजवर झालेला नाही. पण दावा करणारे गोष्ट इथेच थांबवतात. २९ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री ग्रॅहम स्वतः चालवत असलेलं छोटं विमान उत्तर लंडनमध्ये आर्कलीजवळ धुक्यात कोसळलं. सोबत त्याच्याच संघातले पाच जण होते, त्यात टोनी ब्राइस हा तरुण ड्रायव्हरही. कोणीच वाचलं नाही. डेमन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. विमानाची कागदपत्रं चालू नव्हती, त्यामुळे विम्याचा आधार गेला. मृतांच्या कुटुंबीयांनी भरपाईचे दावे लावले आणि हिल कुटुंबाला राहतं मोठं घर सोडावं लागलं. वारसा म्हणायचा तर तो हा.

पुढची काही वर्षं पोराने बांधकामावर मजुरी केली, लंडनमध्ये मोटरसायकलवरून कुरिअर पोचवली आणि मोटरसायकलच्याच शर्यती केल्या. चारचाकीकडे तो नीट वळला तेव्हा पंचविशीला टेकला होता. या खेळात ते वय उशिराचंच. शूमाकर त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, तरी फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या आधी पोचला. हिलची पहिली शर्यत जुलै १९९२ मधली, सिल्व्हरस्टोनची, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आणि तीही शेवटच्या घटका मोजणाऱ्या ब्रॅबम संघातून. आठ प्रयत्नांत दोनदाच तो ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होणाऱ्या रांगेत, पोचला. बापाच्या नावावर मिळालेली गाडी असली असेल, तर असा वशिला कोणाला नको!

नावाने ओळख निघते, चहा मिळतो. वेळ मात्र घड्याळावरच दिसते. जॅक ब्रॅबम तीन वेळचा विश्वविजेता. त्याचा मुलगा डेव्हिड १९९० मध्ये बापाने उभ्या केलेल्या संघातूनच उतरला आणि फॉर्म्युला वनमध्ये एकही गुण मिळवू शकला नाही. दुसरा मुलगा गॅरी तर ग्रिडपर्यंतही पोचला नाही. मारिओ आंद्रेत्तीचा मुलगा मायकेल अमेरिकेतला विजेता होता. १९९३ मध्ये मॅक्लारेन संघात विश्वविजेत्या आयर्टन सेनाचा सहकारी झाला आणि एका तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानून हंगाम संपायच्या आत परतला. नावाने विजेतेपद मिळत असतं, तर विश्वविजेत्याचा मुलगा विश्वविजेता व्हायला १९९६ उजाडलं नसतं. त्यानंतरही हे जमलं ते फक्त निको रॉसबर्गला, २०१६ मध्ये.

मग १९९३ ची विल्यम्सची जागा कशी मिळाली? संघाचा आधीचा ड्रायव्हर मॅन्सेल निघून गेला होता, त्याचा सहकारी पत्रेसेने बेनेटन संघाशी करार केला होता. सेना तर फुकट गाडी चालवायला तयार होता, पण विल्यम्समध्ये येणाऱ्या अलेन प्रॉस्टच्या करारामुळे त्याला दार बंद होतं. उरला तो गेली दोन वर्षं त्याच गाडीच्या, तिच्या अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच्या (संगणकाने चालणाऱ्या सस्पेन्शन यंत्रणेच्या) हजारो किलोमीटर चाचण्या घेणारा टेस्ट ड्रायव्हर. गाडी आतून-बाहेरून माहीत असलेला आणि पगाराला स्वस्त. संधी नशिबाने आली म्हणा हवं तर. आडनावाने आली म्हणू नका.

दुसरा मुद्दा विल्यम्सचा डिझायनर न्यूई याच्या गाडीचा. यात तथ्य आहेच, १९९६ ची विल्यम्स बाकीच्यांच्या पुढे होती. पण “कोणीही जिंकला असता” हे तपासायची सोय याच खेळात आहे, कारण तशीच गाडी संघात आणखी एकाकडे असते. १९९५ मध्ये तीच गाडी डेव्हिड कुल्थार्डकडे होती: त्याचा एक विजय, हिलचे चार. १९९६ मध्ये जाक व्हिलनव्हकडे होती: त्याचे चार, हिलचे आठ. पोल पोझिशन (सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा) हिलच्या नऊ, व्हिलनव्हच्या तीन. सोळाच्या सोळा शर्यतींत हिल पहिल्या रांगेत होता. व्हिलनव्ह नवखा होता, ट्रॅक त्याला नवे होते, हे धरायला हवं. पण तो आदल्या वर्षीचा इंडियानापोलिस ५०० चा विजेता होता आणि पुढच्याच वर्षी विश्वविजेता झाला. शिवाय तो जिल व्हिलनव्हचा मुलगा, म्हणजे मोठं नाव दोन्ही गाड्यांवर होतं! पुढे हिलच्या जागी फ्रेंट्झन आला आणि १९९७ ची विजेती गाडी हाताशी असताना त्याने जिंकली एक शर्यत.

प्रॉस्टसमोर हिल कमी पडला, हेही आकडेच सांगतात: १९९३ मध्ये प्रॉस्टच्या तेरा पोल, हिलच्या दोन. मात्र तो हिलचा पहिला पूर्ण हंगाम होता आणि समोर चार वेळचा विश्वविजेता. त्यातही सिल्व्हरस्टोनला आघाडीवर असताना इंजिन गेलं, हॉकेनहाइमला शेवट दिसत असताना टायर फुटला. त्यानंतर हंगेरी, बेल्जियम, इटली सलग जिंकल्या.

१९९४ ची बंदी खरी आहे. इटली आणि पोर्तुगालमध्ये शूमाकर नव्हता, बेल्जियमचा विजय त्याला बाद केल्यामुळे हिलकडे आला. सहांतले तीन विजय तसे धरा. मग सुझुकाचं काय करायचं? धो धो पाऊस, लाल झेंड्याने तोडलेली शर्यत, दोन भागांच्या वेळांची बेरीज, समोर अंगात आलेला शूमाकर. हिलच्या पिट स्टॉपला मागचं एक चाक निघेना, म्हणून तीनच टायर बदलून त्याला सोडलं. तरी ३.३६५ सेकंदांनी तो जिंकला. त्याच वर्षी विल्यम्सच्या गाडीत झालेल्या सेनाच्या मृत्यूनंतर हादरलेला संघही त्यानेच ओढला होता. अ‍ॅडलेडच्या शेवटच्या शर्यतीत शूमाकरशी झालेल्या धडकेनंतर विजेतेपद गेलं ते एका गुणाने.

राहिला शेवटचा मुद्दा. विल्यम्सची गाडी सुटल्यावर तो संपला, म्हणे. १९९७ ला तो अ‍ॅरोजमध्ये होता, यामाहाच्या इंजिनावर. या संघाने आपल्या सबंध आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. ऑगस्टमध्ये हंगेरीला हिलने ती गाडी तिसऱ्या जागी उभी केली, फेरारीतल्या शूमाकरला ट्रॅकवर मागे टाकलं आणि आघाडी अर्ध्या मिनिटाच्या वर नेली. शेवटाला थ्रॉटल आणि गिअरने दगा दिला, अखेरच्या लॅपमध्ये व्हिलनव्ह पुढे गेला, हिल दुसरा आला. यावर “ते ब्रिजस्टोनचे टायर होते” हे उत्तर तयारच असतं. होते ना. स्ट्युअर्ट संघाकडेही होते, प्रॉस्टच्या संघाकडेही होते आणि दुसऱ्या अ‍ॅरोजमधल्या दिनीझकडेही. त्यांच्यातलं कोणी त्या दिवशी आघाडीच्या आसपासही नव्हतं. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या स्पाला जॉर्डन संघाचा पहिला विजयही हिलचाच. अर्धी फौज पहिल्याच लॅपमध्ये एकमेकांवर आदळली होती आणि संघातला सहकारी राल्फ शूमाकरला मागेच राहायला सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं मी फार भांडवल करणार नाही.

एकूण ११५ शर्यतींत २२ विजय. बापाचे १७६ मध्ये १४.

गंमत म्हणजे हिलविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा या दाव्यात नसतोच. १९९९ मध्ये जॉर्डनच्या त्याच गाडीतून फ्रेंट्झनने दोन शर्यती जिंकल्या आणि चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला. हिलच्या खात्यात जेमतेम सात गुण. शेवटच्या शर्यतीत, सुझुकाला, त्याने धडधाकट गाडी स्वतःहून पिटमध्ये आणून उभी केली. टीका करायचीच असेल तर तिथून सुरुवात करावी.