भाव करा, पण टेम्पो दारात उभा करून नको

विरारकर, तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर उत्तर देतेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आमची पार्ल्याची इमारत पुनर्विकासाला जाणार, म्हणून घरातलं जुनं फर्निचर मी ऑनलाइन विकायला काढलं आणि त्यात भेटलेल्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांबद्दल मागच्या वेळी लिहिलं. त्यावर विरारकर म्हणतात की घासाघीस हा घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि ‘लास्ट प्राईस?’ विचारणाऱ्याला सरळ उत्तर न देणं हा माज आहे. टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची थोडी रक्कम, आगाऊ मागणं म्हणजे समोरच्याला चोर ठरवणं. ज्याने आधी मेसेज केला त्याला डावलून दुसऱ्याला वस्तू देणं हा अन्याय. आणि सगळ्यात झोंबणारं वाक्य असं: ‘गरजू माणसाला पाचशे रुपये कमी करायचे तर तुमच्या जिवावर येतं, पण तेच सामान भंगारवाल्याला मातीमोल भावात देता.’

शेवटचं आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यातच अडकलंय.

देतात, खरंच देतात. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांनी चांगला सागवानी सोफा भंगारवाल्याला दिला, आणि किती रुपयांत ते सांगायची त्यांनाच लाज वाटत होती. पण का दिला ते बघा. मुंबईत जुन्या फर्निचरच्या भावात वस्तूची किंमत असते तशीच ती घराबाहेर जाण्याचीही किंमत असते. बिल्डरने रिकामं करायची तारीख दिलेली असते. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो आणि घर मोकळं करून चावी दिल्याशिवाय मालक डिपॉझिट परत करत नाही. किंवा नवा सोफा येऊन हॉलमध्ये बसलेला असतो आणि जुना त्याच्यासमोर, मधून माणसाने आडवं होऊन जायचं. अशा वेळी भंगारवाला दुपारी येतो, दोन पोरं आणतो, दोर आणतो, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून देतो. तो लाकडाचा भाव देत नाही हे काकांनाही कळत होतं. ओशिवऱ्याचे फर्निचरवाले व्यापारीही तसेच. भाव पाडून मागतात, तेच लाकूड घासून पॉलिश करून दुकानात लावतात, पण अकरा म्हणाले की अकराला खाली टेम्पो असतो. खरं सांगू, माझ्या अनुभवात सगळ्यात कमी त्रासाचं गिऱ्हाईक म्हणजे हा व्यापारीच.

तेव्हा भाव उतरवून हवा असेल तर ‘मी गरजू आहे’ यापेक्षा ‘उद्या सकाळी अकराला टेम्पो घेऊन येतो, माणसं माझी’ हे वाक्य जास्त चालतं. नालासोपाऱ्याच्या एका मुलाने आमचं डायनिंग टेबल मी मागितलेल्या भावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत नेलं. त्याने एकदाही ‘लास्ट प्राईस’ विचारलं नाही. पाय सुटे होतात का, टेबल लिफ्टमध्ये उभं मावेल का, हे विचारलं आणि त्याच संध्याकाळी आला. त्याला मी आपणहून खुर्च्यांच्या गाद्याही दिल्या.

‘लास्ट प्राईस’चं म्हणाल तर मी कुणाला ब्लॉक करत नाही. त्या प्रश्नाला एवढंच विचारते: कधी नेणार आणि कितव्या मजल्यावर चढवायचंय? ज्याला खरंच हवंय तो लगेच सांगतो, मग आमचं बोलणं सुरू होतं आणि भावही होतो. बाकीचे गप्प होतात. त्यांच्यावर माझा राग नाही. ‘हे अजून उपलब्ध आहे का?’ हा मेसेज विक्रीच्या ॲपमध्ये आयता लिहिलेला असतो, बोट लागलं की जातो. लोकलमध्ये उभ्याउभ्या स्क्रोल करताना माणूस चार कपाटांवर बोट ठेवतो आणि बोरिवली येईपर्यंत विसरतो. फक्त त्या प्रत्येकाला फुटपट्टी घेऊन मापं कळवत बसायला मला वेळ नसतो.

घासाघिशीला माझा विरोध नाही. आपण कोथिंबिरीला भाव करतो, कपाटाला का नाही करणार? माझा विरोध ठरल्यानंतरच्या घासाघिशीला आहे. तो प्रकार मागच्या वेळी दोन ओळींत उरकला होता, आज नीट सांगते, कारण तुम्हाला वाटलं की मी दोनचारशे रुपयांसाठी हट्ट धरला.

आमच्या सोसायटीत सामान हलवायला सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा एवढीच मुभा आहे, रविवारी तीही नाही. सेक्रेटरीची सही असलेला गेटपास लागतो. डबल बेड नऊ हजारांना ठरला होता, फोनवर, दोन्ही बाजूंनी बोलून. त्यासाठी सकाळी सुताराला बोलावून बेड सोडवून घेतला. डोक्याकडची फळी भिंतीला टेकवलेली, बाजूच्या पट्ट्या पॅसेजमध्ये, स्क्रू आणि कोपऱ्यांचे लोखंडी तुकडे दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून ठेवलेले. साडेबाराला गृहस्थ आले. बोटाच्या पेराने फळी वाजवली, मागून हात फिरवला आणि म्हणाले, ‘आतल्या फळ्या प्लायच्या आहेत.’ आहेतच. जाहिरातीत तसं लिहिलं होतं, फोटोही होता: चौकट सागाची, फळ्या प्लायच्या. ‘मग सहा घ्या,’ म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, उघडलेला बेड आता कोण घेणार? तुम्हालाही काढायचाच आहे ना?’ खालून वॉचमन इंटरकॉमवर विचारतोय, सामान येतंय का, एकला लिफ्ट बंद करतो.

हे वाक्य बोलण्यासाठी त्यांनी बेड उघडेपर्यंत वाट बघितली होती, विरारकर. याला तुम्ही घासाघीस म्हणता? माणसाची अडचण हेरून त्याला कोंडीत पकडणं म्हणतात त्याला. मी दिला नाही. ते रिकामा टेम्पो घेऊन गेले, भाडं त्यांच्या अंगावर पडलं. दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत आम्ही पॅसेजमधल्या पट्ट्या ओलांडत होतो आणि शेवटी बेड सात हजारांना गेला. यात कुणाचाच फायदा झाला नाही.

म्हणून टोकन. गावी जमीन घेताना आपण इसार देतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की मला चोर समजता. मी पाचशे रुपये घेते आणि ते ठरलेल्या भावातून वजा होतात. वस्तू फोटोपेक्षा वेगळी निघाली तर जागच्या जागी परत. सांगितलेल्या दिवशी माणूस आलाच नाही आणि फोनही उचलला नाही तर परत नाही, कारण तोवर सुताराचे पैसे माझे गेलेले असतात.

तुम्ही पुरुष आहात, तेव्हा टोकनचं आणखी एक कारण कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. यूपीआयने पैसे आले की बँकेतलं नाव दिसतं. व्हॉट्सॲपवर गुलाबाचा फोटो आणि नावाच्या जागी ‘किंग’ असलेल्या माणसाला मी दुपारी एकटी असताना घरात घ्यायचं, तर निदान त्याचं खरं नाव तरी मला ठाऊक हवं. टोकन येईपर्यंत मी फक्त रस्त्याचं आणि जवळच्या देवळाचं नाव सांगते, फ्लॅट नंबर नाही. ‘मिस्टर आहेत का घरी? त्यांच्याशी बोलतो भावाचं’ म्हणणारे भेटतात. कपाटाच्या जाहिरातीवर रात्री साडेअकराला ‘जेवलात का?’ विचारणारेही भेटतात. पाचशे रुपये मागितले की हे असले लोक आपोआप गळतात.

आणि टोकन तुमच्याही बाजूने काम करतं, हे तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर. विरारहून फास्टने अंधेरी, तिथे उतरून स्लो पकडून पार्ला, आणि दारात कळणार की कपाट सकाळीच गेलं, हा राग मला पूर्ण मान्य आहे. पण ‘मी आधी मेसेज केला होता’ एवढ्यावर वस्तू राखून ठेवता येत नाही. कायद्याच्या नजरेतही जाहिरात म्हणजे सहसा भाव सांगायचं आमंत्रण असतं, सौदा नव्हे. टोकन घेतल्यावर मात्र मी बांधली जाते. त्यानंतर कुणी दोन हजार जास्त द्यायला तयार झाला तरी वस्तू तुमची. असे फोन मला आलेत आणि मी नाही म्हटलंय. जो विकणारा टोकन घेऊनही वस्तू फिरवतो त्याला तुम्ही खुशाल शिव्या द्या, मीही देईन.

चोर कोण असतात ते मात्र वेगळं सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने विचारलंय. ते घासाघीस करत नाहीत, हीच त्यांची खूण. वस्तू न बघता, माप न विचारता पूर्ण भाव कबूल करतात. लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे, सामान न्यायला गाडी पाठवतो असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतात. मग ‘पैसे घ्यायला’ क्यूआर कोड पाठवतात. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना यूपीआय पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. माणसाने माणसाकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआर कोडचा खेळ तरीही चालतोच. दुसरी तऱ्हा: ‘चुकून जास्त गेले, वरचे परत करा’ असं म्हणून पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस दाखवतात. एसएमएस बघू नका, बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघा. फसलात तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

तुमचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे, की विकणारेही काही कमी नसतात. ‘किंचित वापरलेलं’ म्हणून लिहायचं आणि कपाट लग्नात आलेलं, त्या लग्नातला मुलगा आता बारावीला! पावसाळ्यात खालून फुगलेला प्लाय दिसू नये म्हणून फोटो कमरेच्या वरचाच काढायचा. वाळवीची माती पुसून वर सनमायकाची पट्टी चिकटवायची. गादीत ढेकूण आहेत हे तर कुणीच लिहीत नाही. मी पहिलाच फोटो सगळ्यात वाईट कोपऱ्याचा टाकते. त्याने चौकशा कमी येतात, पण येणारा माणूस दारात उभा राहून ‘हे काय?’ म्हणत नाही. विक्रीनंतर चार दिवसांनी ‘ड्रॉवर घासतोय, परत घ्या’ असे फोन येतात, तेही यामुळे थांबले. सन १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ सर्वसाधारणपणे घेणाऱ्यालाच नीट पारखून घ्यायला सांगतं, पण फोनवर कुणाला कलम ऐकवण्यापेक्षा आधीच भेग दाखवलेली बरी.

राहिलं ते माझ्या ‘तऱ्हेवाईक’ शब्दाचं. काही अडचणी तऱ्हेवाईक नसतात, हे मीही जाणते. लोखंडी कपाटाचे पैसे देऊन एक बाई म्हणाल्या, आज शनिवार, लोखंड घरी नेणार नाही. मी म्हटलं, रविवारी सोसायटी सामान हलवू देत नाही, मग सोमवारी नेलं. पितृपक्षात तर चौकशाच थंडावतात, आणि घटस्थापना झाली की तीच माणसं एकदम जागी होतात. हा त्रास नाही, हे वेळापत्रक आहे. ज्यांना तारीख सांभाळायची आहे त्यांनी ते धरूनच जाहिरात टाकावी.

तुम्ही शेवटी पुस्तकांच्या कपाटाबद्दल विचारलंय. आहे अजून. उंची सहा फूट, रुंदी तीन, खोली सव्वा फूट. सागाचं आहे, पण मधली फळी वाकलेली आहे आणि उजव्या दाराची काच नाही. काचेचे पैसे धरूनच साडेतीन हजार लिहिलेत, त्यातही बोलता येईल. सुटं होत नाही, अख्खंच न्यावं लागेल, तेव्हा तुमच्या जिन्याचं वळण मोजून कळवा. लाकडी आहे, शनिवारी न्यायला हरकत नाही.