दोन रुमालांची उंची

आज सकाळपासून एकच व्हिडिओ आपल्या रोलर कोस्टरवेड्यांच्या गटातल्या पाच जणांनी मला पाठवला आणि पाचही जणांनी त्याखाली हसण्याचे चिन्ह टाकले. एक बाप आपल्या मुलाच्या बुटात आधी जाड तळवे आणि मग त्यांवर पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे घालतो, मुलगा राइडसाठी लागणारी किमान उंची मोजायच्या पट्टीखाली ताठ उभा राहतो, त्याचे केस कसेबसे पट्टीला लागतात आणि पुढच्याच दृश्यात बापलेक रोलर कोस्टरच्या पहिल्या रांगेत हात वर करून बसलेले दिसतात. खाली शाबासक्यांचा पाऊस पडला आहे. ‘बाप असावा तर असा’ इथपासून किती जाडीचे तळवे घ्यावेत इथपर्यंत सगळे काही तिथे आहे. बाकीच्या जगाचे मी समजू शकतो, पण ट्रॅकचा फोटो पाहून तो कोणी बांधला हे सांगणारी, सुट्ट्या उद्यानांच्या वेळापत्रकावर बेतणारी आपली मंडळीही यावर हसतात, हे मला सकाळपासून गिळवत नाही.

झोंबण्याचे कारण लपवत नाही. हा उद्योग मी स्वतः केलेला आहे.

काही वर्षांपूर्वी भाचीला तिच्या आयुष्यातल्या पहिल्या लाकडी कोस्टरवर न्यायचे मी कबूल केले होते. ती आठ वर्षांची होती. फलकावर किमान उंची १२२ सेंटीमीटर लिहिलेली होती आणि घरी दाराच्या चौकटीला टेकवून मोजली तेव्हा ती ११९ भरली होती. मी दोन रुमाल घेतले, त्यांच्या चांगल्या जाडजूड घड्या केल्या आणि तिच्या टाचांखाली एकेक सरकवली. रांगेच्या तोंडाशी पट्टी धरून उभा असलेला मुलगा फसला. दीड तासाने आम्ही प्लॅटफॉर्मवर पोहोचलो आणि तिथल्या ऑपरेटर मुलीने भाचीच्या डोक्याकडे पाहिलेच नाही, तिने तिची चाल पाहिली. टाचा उचललेल्या असल्यामुळे ती पोर पुढे झुकून, बोटांवर तोल सांभाळत चालत होती. ती मुलगी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, ‘जरा बूट काढतेस का?’ रुमाल बाहेर आले. तिने ते झटकले नाहीत, उलगडलेही नाहीत. घडी होती तशीच माझ्या हातात ठेवली. तिच्यावर आवाज चढवून मी जे बोललो ते आज लिहितानाही कान गरम होतात. कोस्टरमधले मला तुमच्यापेक्षा जास्त कळते, असे मी म्हणालो. ती म्हणाली, ‘कळत असेल सर, पण ती यात बसत नाही.’

त्या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळायला हवा होता, कारण खरोखरच मला कळत होते. उंचीचा फलक उंचीबद्दल नसतोच. बसल्यावर ओटीपोटाचे हाड कुठे येते, मांडी किती लांब आणि किती जाड आहे, माणसाला सीटवर धरून ठेवणारा मांडीवरचा बार कुठे टेकतो, हे प्रत्येकाचे मोजत बसणे शक्य नाही म्हणून त्या सगळ्याच्या ऐवजी उंची मोजतात. आपण ज्या एअरटाइमसाठी जीव टाकतो त्याचा अर्थ एवढाच की, टेकडीच्या माथ्यावर ट्रॅक खाली वळतो आणि शरीर मात्र आधीच्याच दिशेने वर जाऊ पाहते. ट्रेनला खाली धरून ठेवायला ट्रॅकच्या पोटाशी चाके असतात. कोस्टरचे आराखडे करणाऱ्या जॉन मिलरने १९१९ मध्ये त्यांचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच कोस्टरच्या टेकड्यांना धार आली. १९०२ च्या ‘लीप द डिप्स’ या कोस्टरला अशी चाके नाहीत, म्हणून तिचे चढउतार सौम्य ठेवावे लागले. पण चाके धरतात ती ट्रेनला. आत बसलेल्या माणसाला धरायला बारशिवाय काही नसते. एक जी म्हणजे आपल्या नेहमीच्या वजनाइतका जोर. तो उलटा, वरच्या दिशेने जाणवला की उणे एक जी, म्हणजे मांडीवरच्या बारला माणसाच्या वजनाइतक्या जोराने त्याला खाली दाबून ठेवावे लागते. तो बार मांडीवर टेकलेलाच नसेल तर कोणाला दाबणार?

आता आमच्या त्या कोस्टरचे ऐका. तिथल्या डब्यांत दोघांना मिळून एकच बार होता. असा बार जाड माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्याच्या मांडीवर तेवढी पोकळी राहते. म्हणजे शेजारी मी बसलो असतो तर माझ्या या पोटामांड्यांवर तो अडकला असता आणि आठ वर्षांच्या मुलीच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहिली असती. तिला सर्वांत मोठा धोका त्या राइडवर कोणाचा असेल तर तो माझा होता, तिच्या शेजारी प्रेमाने बसू पाहणाऱ्या मामाचा. हे गणित मला त्या दिवशी तोंडपाठ होते. गटात मी ते दहा जणांना समजावून सांगितलेले होते. तरीही मी रुमाल दुमडले.

(आणि हो, रुमाल धुतलेले होते. हे कोणी विचारले नव्हते, पण आता सगळे सांगतोच आहे तर तेही असू द्या.)

मला राग याचा येतो की, आपण गणिताशी कधी हुज्जत घालत नाही, फक्त माणसाशी घालतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप, म्हणजे ट्रेनला उलटी करून फिरवणारा वळसा, पूर्ण गोल होता, त्यामुळे सरळ ट्रॅकवरून लूपमध्ये शिरताना वक्रता एकदम वाढायची आणि लोकांच्या मानांना हिसके बसायचे. १९७६ च्या ‘रिव्होल्यूशन’ कोस्टरमध्ये तो बांधणारे श्वार्त्सकोफ आणि अभियंता श्टेंगेल यांनी लूप थेंबासारखा केला, वक्रता हळूहळू वाढवत नेली आणि आज त्या आकाराबद्दल आपण किती भक्तिभावाने बोलतो! श्टेंगेलला जाऊन कोणी म्हणत नाही की, माझ्यासाठी हा लूप जरा गोल करा ना. बारची उंची, सीटची खोली, फलकावरचे १२२ हीसुद्धा त्याच आराखड्यातली मापे आहेत. फरक इतकाच की लूप पोलादाचा आहे आणि १२२ चे माप राखायला प्लॅटफॉर्मवर एक वीस-बावीस वर्षांची मुलगी उभी केलेली असते, दिवसभर तेच वाक्य बोलणारी, पाय दुखत असलेली. पोलाद वाकवता येत नाही, म्हणून आपण तिला वाकवायला जातो.

दुपारी एका मित्राने लिहिले, ‘नियम माणसांसाठी असतात, माणसे नियमांसाठी नसतात. तीन सेंटीमीटरने कोणी मरत नाही.’ हे वाचून पुन्हा डोके फिरले, म्हणून आता सांगतोच. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक उद्यानात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक ‘राइड ऑफ स्टील’ या कोस्टरवर बसला आणि धावत्या ट्रेनमधून फेकला जाऊन मरण पावला. दोन्ही पाय असणे आवश्यक आहे, हा नियम तिथे लिहिलेला होता. ज्यांनी त्याला बसू दिले त्यांनी तो पाळला नाही. त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही, पण त्यांच्या जागी मी असतो तर देशासाठी पाय देऊन आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला मलाही जीभ रेटली नसती. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या फ्री फॉल टॉवरवरून, म्हणजे उंचावरून सीट एकदम खाली सोडणाऱ्या राइडवरून, चौदा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. तिथे काही सीटवरचे सेन्सर हाताने असे बदललेले होते की हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून येणारी सुरक्षेची चौकट, आणि सीट यांच्यात नेहमीपेक्षा जास्त फट राहिली तरी यंत्र ‘ठीक आहे’ म्हणे. मला तर आमच्या रुमालांचीच आठवण झाली. यंत्राच्या टाचेखाली कोणीतरी घडी सरकवली होती.

आणि ‘स्मायलर’ कोस्टरचा अपघात विसरला असाल तर तेही ऐका. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानात त्याची एक रिकामी ट्रेन ट्रॅकवर अडकली होती. पुढचा ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच ट्रेन असू शकते असा ट्रॅकचा टप्पा, मोकळा नाही हे संगणकाला कळले आणि त्याने माणसांनी भरलेली ट्रेन थांबवून धरली. व्यवस्थेने तिचे काम चोख केले होते. माणसांना वाटले की ही संगणकाचीच चूक आहे, त्यांनी तो थांबा ओलांडला आणि भरलेली ट्रेन रिकामीवर जाऊन आदळली. दोन तरुण मुलींना आपला एकेक पाय गमवावा लागला. तिथे यंत्र ‘नाही’ म्हणत होते, माझ्यासमोर एक मुलगी ‘नाही’ म्हणत होती, आणि दोन्हीकडे समोरच्याची खात्री एकच होती: हिला काय कळते!

आता आपले स्वतःचे. बार तपासायला ऑपरेटर येतो तेव्हा पोट फुगवून, मांड्या किंचित उचलून बसायचे आणि तो पुढे गेला की सैल सोडायचे, म्हणजे दोन बोटे जागा मिळते आणि एअरटाइम खुलतो, ही युक्ती आपल्या गटात कोणाला माहीत नाही? जो ऑपरेटर बार नीट दाबतो त्याची आपण ‘याने तर खिळाच ठोकला’ अशी टर उडवतो आणि जो हलका हात ठेवतो त्याला देवमाणूस म्हणतो. ही युक्ती मीच काही नवीन मंडळींना शिकवलेली आहे आणि त्या पोस्टला मिळालेली वाहवाही मिरवलेली आहे. बुटातला पुठ्ठा आणि फुगवलेले पोट यांत मला आज तरी काही फरक दिसत नाही. फार तर एवढाच की आपण स्वतःच्या मांडीशी खेळतो आणि तो बाप मुलाच्या. म्हणजे माझा गुन्हा पुन्हा त्याच्याच रांगेत जाऊन बसतो.

मान्य करतो, उंची हे ढोबळ माप आहे. काडीसारखे उंच पोर आत सोडले जाते आणि दणकट बुटके बाहेर राहते. मान्य करतो, मुलाला दीड-दोन तास रांगेत उभे करून शेवटी परत पाठवणे निर्दयच आहे. पट्टी रांगेच्या तोंडाशी, बूट काढून आणि नीट लावली पाहिजे. आणि कर्मचाऱ्यांच्याही नजरेतून गोष्टी सुटतात, नाही कसे म्हणू? ३० जून २०२३ रोजी अमेरिकेतल्या ‘फ्युरी ३२५’ कोस्टरच्या खांबाला गेलेला तडा दिसला तो उद्यानात आलेल्या एका पाहुण्यालाच. ट्रेन गेली की खांब तड्याशी सरकताना त्याने टिपला, उद्यानाला कळवले आणि राइड बंद झाली. ही आपल्यासारख्याच एका पाहुण्याची नजर. मला ती अशीच वापरलेली आवडते, बुटात काय मावेल हे शोधायला नव्हे.

राग थोडा उतरला आहे, म्हणून हेही लिहितो. व्हिडिओतल्या त्या बापाचा चेहरा मी पुन्हा पाहिला. तो बदमाश नाही. मुलाचा हात धरून तो ज्या उत्साहाने प्लॅटफॉर्मवर जातो तो मी ओळखतो, कारण मीही तसाच गेलो होतो. आपल्याला जे सर्वांत आवडते ते पोरांना लवकरात लवकर दाखवावे असे वाटते आणि ती वाढेपर्यंत थांबणे जिवावर येते. माझी भाची त्या दिवशी राइड चुकली म्हणून रडली नाही. मी ओरडत होतो तेव्हा ती माझ्याकडे पाहतही नव्हती, त्या ऑपरेटर मुलीकडे पाहत होती. बाहेर जाण्याचा जिना लोखंडी होता. ती तो मोज्यांवरच उतरली, दोन्ही बूट छातीशी धरून, आणि मी म्हणूनही तिने ते पायांत घातले नाहीत. ज्या ऑपरेटर मुलीवर मी ओरडलो तिची माफी मागायला मी मागे वळलो नाही. पुढे दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती तिथे नव्हती.

तेव्हा गटातल्या मंडळींना एवढीच विनंती: त्या व्हिडिओवरची आपली हसण्याची चिन्हे आज रात्रीपर्यंत काढावीत. मी नावे घेत नाही, पण मला दिसतात. माझी ती जुनी पोस्ट मी मघाशीच पुसली आहे. पुढच्या महिन्याच्या सहलीत माझ्या शेजारी जो कोणी बसेल त्याने बार मांडीला टेकेपर्यंत खाली ओढायचा. पोट फुगवलेले दिसले तर मी स्वतः ऑपरेटरला हाक मारणार आहे, ट्रेन थांबली तरी चालेल आणि रांगेतल्यांनी शिव्या दिल्या तरी चालेल. भांडायचे असेल त्याने खाली उतरल्यावर माझ्याशी भांडावे.